पेद्रूची कबर

युजीन,

बोंबील धुऊन ठेवलेत, तळायचे तेवढे बाकी. माचिस मी नेली, गॅस लायटरने पेटव. दारातला झेंडूही कबरींसाठी तोडून नेलाय, शोधू नकोस. सव्वीस पोरांच्या सव्वीस मेणबत्त्या पेटवायच्यात.

पाचवीच्या पोरांना घेऊन चर्चच्या सिमेट्रीत, कबरींपाशी गेलेय. वर्गात सांगितलेल्या माझ्या गोष्टीत ठाण्याच्या किल्ल्याला दगड वाहणारा पेद्रू मरतो ना, आज ऑल सोल्स डे, मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, तर पोरांना त्याच्याच कबरीवर मेणबत्ती लावायची होती. तू म्हणालास, "दाखव गं एखादी जुनी कबर, पोरांना काय कळतंय!" माझ्याच्याने होईना. सकाळी वर्गात सांगून टाकलं, "किल्ला खरा, पोर्तुगीज खरे, पेद्रू मी रचलेला." आता ही पोरं माझा एक शब्द खरा मानणार नाहीत, अशी धास्ती होती.

रॉकी भडकलाच. "मग दगड काय आपोआप चढले, टीचर?"

"माणसांनीच चढवले. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत."

"मग त्यांना लावू. मेणबत्त्या आणल्यात ना सगळ्यांनी!"

सातपर्यंत येते. भात तू लाव.

गर्ट्रूड

ता. क. पेद्रूला मी गोष्टीत मारलं, कारण तास संपायला पाचच मिनिटं उरली होती.