इस्त्रीवाली अक्का सभेत बोलली

प्रिय बाबा, दुरूनच पाया पडते.

तुम्ही नेहमी म्हणता ना, "कुणीही निवडून आलं तरी आपल्याला काय?" बाबा, यंदा आपल्यातलीच आली! लॉन्ड्रीत माझ्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करणारी अक्का आता नगरसेविका आहे.

काल भर सभेत तिने आमच्या गल्लीसाठी नळ मागितला. बोलता बोलता समोरच्या कागदाच्या चुण्या तळव्याने सारख्या करत होती. सवय! वर गॅलरीत आम्ही हसून बेजार.

मागणी फेटाळली गेली. तरी आम्ही घोषणा देतच परतलो. पाणी अजून लांबूनच आणते, पण दुखऱ्या खांद्याची काळजी नको, रोज शेकते. आईचे गुडघे कसे आहेत?

आता गावाकडच्या निवडणुकीत तुम्हीही मत द्यायला जा. आजवर आमचं गाऱ्हाणं हरायलासुद्धा सभेपर्यंत पोचलं नव्हतं, बाबा!

तुमची,
घसा बसलेली लेक