मामाजींनी वाचवलेला शिंगाळा

८ मे १९७४

आणखी एक गेला! लाल शेपटीवाला मासा. सकाळी टाकीत नुसते खवले तरंगून राहिले होते. मामाजींनी चष्मा लावून पाहिलं न् विचारलं, साबणाचा हात पाण्यात घातला का वं? नाही घातला. पण सासऱ्याले काय सांगावं? खाणारा समोरच आहे — तो शिंगाळा, तळाशी दगडाआड, मिशा पसरून, उपासाचा साधू! दिवसा हालत नाही बापा. रात्री हालते. पाणी प्याले उठली तेव्हा पाहिलं मी.

१२ मे

रविवार. हे सावनेरच्या खाणीतून घरी आले. पाहुणेही आले, मग मामाजींनी नेहमीचं सुरू केलं. मागच्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेले हा शिंगाळा मच्छीबाजारात कापाले ठेवला होता, वीतभर होता, मी सोडवून आणला. न् त्याच दमात — ही आमची सून, उमरेडच्या विणकराची पोरगी. हुंडा नाही, बँड नाही. पंचशील घेतलं, हार घातले न् घरी आणली. पाहुणे म्हणाले, वा महादेवराव! मी चहाचे कप उचलले.

माणूस खरंच चांगला आहे. तेच तर! वाईट असते तर भांडली असती.

२० मे

शिंगाळा हातभर झाला. वळतो तर शेपटी काचेले घासते. मामाजी विहारात गेले की मीच त्याले चोरून मटणाचे तुकडे चारते. पोट भरलं की बाकीच्याइले सोडते.

शेजारच्या सिंधूताई म्हणे, सरळ सांगून टाक ना वं. सांगितलं होतं! मामाजी हसले. मी वाचवलेला जीव दुसऱ्याचा जीव घेईन का, म्हणे. तलावात सोडा म्हटलं तर तिथं कोणी जाळ्यात धरून खाईन. आज नवे लाल मासे आणले. त्याचं जेवणच आणलं म्हणा.

२९ मे

मास्तरणीच्या नोकरीची ऑर्डर आली!!! उमरेडची प्राथमिक शाळा! माह्या माहेरच्या गल्लीत तिची घंटा ऐकू येते. शाळा उघडाच्या आत हजर व्हाचं आहे. 

३० मे

मामाजी नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणत नाहीत. डोक्यावर हात ठेवून मायेनं बोलले — "मासे तुह्या हातानं मरते बाई. लोकाइची पोरं कशी सांभाळशील?"

मी टाकीकडे पाहिलं. मेल्या, तुह्यापायी!

४ जून

काय ऊन! टाकीवर ओलं पोतं टाकून ठेवते. मासे बरे, त्याइले पोतं तरी आहे.

१६ जून

यांना विचारलं. "बाबा म्हणतीन तसं." बस. खाटेवर पडले न् घोरले. दिवसभर कोळसा काढते न् घरी आले की दगड होते हा माणूस!

आजपासून शिंगाळ्याले चारणं बंद. होऊ दे काय होते ते.

१९ जून

मामाजींनी डोळ्यानं पाहिलं! गरमीनं झोप नव्हती म्हणून पहाटे टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. मी शेगडी पेटवाले उठली तर तसेच बसलेले, कंदील पायाशी. शिंगाळ्याच्या तोंडातून सोनेरी शेपटी लोंबत होती. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चूक माही आहे, प्रेमिला. तुह्यावर उगाच आळ घेतला." मले रडू फुटलं. वाटलं, सुटली!

चहा झाला न् त्यांचा चेहरा खुलला. टाकी लहान पडते त्याले, म्हणून असं करते बिचारा. काचवाल्याले सांगतो, भिंतभर टाकी करू, त्याच्या एकट्यासाठी. न् माह्याबद्दलही विचार केला म्हणे — आपल्या विहारातच बालवाडी काढू, पलीकडच्याच गल्लीत. "तुले दूर जाची गरजच नाही पडणार." केवढे खूश होते!  भाकरी करपली.

२१ जून

काचवाला माप घेऊन गेला.

२४ जून, उमरेड

पहिली यस्टी पकडली. मामाजी फिराले गेले होते. चिठ्ठी ठेवली त्यांच्या चष्म्याखाली. पायाशी तेलाचा पिपा, वर ओलं पोतं. कंडक्टरनं विचारलं, पिप्यात काय आहे बाई? म्हटलं, माहेरी चाललो आम्ही.

तलावाच्या काठाले पिपा आडवा केला तरी शिंगाळा बाहेर निघेना. तोंडाशीच थांबला. जा गा आता, म्हटलं. गेला.

मग शाळेत जाऊन सही केली.