सरस्वतीपुढं चपला

८ जाने. २००४
गुळाच्या अडतीतलं काम सोडलं. आई बोलत न्हाय. आता एका संस्थेच्या मॅडमबरोबर शाळा-कॉलेजांत फिरायचं, फेअर ट्रेड सांगायचं. करणाऱ्याच्या हाताला रास्त दाम, मधे खाणारा नको. मला पटतं. बारावीच्या वर्गात सांगितलं तर मागनं एकजण ओरडला, "पावणं, एकावर एक फ्री हाय काय?" वर्ग खदाखदा. मीबी हसलो. मग रंकाळ्यावर भेळ. दुसरी शाळा राहिलीच.

१३ जाने.
चपला करणाऱ्या शांताक्काकडं गेलतो. नवरा चपलंचा तळ कापतो, ही वर चामड्याची वेणी घालते. बोटं बघवत न्हाईत. चामडं व्यापारी देतो, चपला तोच उचलतो, भावबी त्याचाच. म्हटलं, कॉलेजात कार्यक्रम हाय, प्राचार्य "आणा माल, बघू" म्हणालेत.
"बघू म्हणजे? घेत्यात का न्हाईत?"
"घेत्यात की अक्का."
"मग ही खेप व्यापाऱ्याला देत न्हाय बघ."
एवढा विश्वास कशाला ठेवावा माणसानं.

१९ जाने.
व्यापारी येऊन रिकामा गेला. जाताना उरलेलं चामडं उचललं. "आता कॉलेजलाच घाला चपला." शांताक्काच्या नवऱ्यानं सांगितलं. मी त्या वेळी बावड्यात कुस्त्या बघत होतो.

२४ जाने.
कार्यक्रम झाला. लिहवत न्हाय, तरी.
स्टेजवर टेबल. एका कडेला सरस्वतीचा फोटो, समई. दुसऱ्या कडेला मॅडमनी चपला मांडायला सांगितलेल्या. मांडल्या. शिपाई धावत आला, "अवो, सरस्वतीपुढं चपला?" मी भांडणार, तोवर शांताक्कानंच कान धरले आणि पदरात गोळा केल्या. "चुकलं बाबा. मला कळाय नको व्हय?" स्वतःच्या हातच्या, कोऱ्या, कुणाच्या पायाला न लागलेल्या.
चपला हॉलच्या दाराबाहेर गेल्या. कुणी उचलून न्हेल म्हणून ती तिथंच बसली. पाव्हणी ती. इस्तरीचं लुगडं नेसून आलेली.
आत प्राचार्य श्रमप्रतिष्ठेवर बोलत होते. मग तिचं नाव पुकारलं. टाळ्या. कुणी उठेना. शाल-नारळ मॅडमना दिला. मला दारात जाऊन हाक मारायची सुचली न्हाय. का न्हाय सुचली?
बाहेर आलो. कार्यक्रमासाठी नटून उशिरा आलेल्या पोरींनी आपले सँडल तिच्यापुढंच काढलेले. अंबाबाईच्या दारात चपला सांभाळणारीपुढं ठेवतात तसे. एकीनं जाताना तिच्या हातावर रुपया ठेवला. शांताक्कानं मूठ मिटली. माझ्याकडं बघितलं न्हाय.
माल? प्राचार्य म्हणाले, "छानच आहेत हो. पण आमच्याकडे रोजच्या गणवेशावर काळे बूट सक्तीचे. पुढच्या वर्षी बघू."

२५ जाने.
कळंबा तलाव. दिवसभर. जायचं होतं तिच्याकडं.

२८ जाने.
मॅडम खूश. कार्यक्रम फार सुंदर झाला म्हणे. पुढच्या गुरुवारी दुसरं कॉलेज, शांताक्काला घेऊन ये. चामडं नेलंय, व्यापारी दारात उभा करत न्हाय, हे सांगितलं. "हो रे, पण बदलाला वेळ लागतो." कुणाचा वेळ?

३० जाने.
शेवटी गेलो. घरात ठोकण्याचा आवाज न्हाय. नवरा गवंड्याच्या हाताखाली गेलाय. ती न खपलेल्या जोडांना तेल लावत बसलेली, वाळून कडक होऊ नयेत म्हणून. शिव्या दे म्हणत होतो मनात. दिल्या न्हाईत. चहा दिला.
कोपऱ्यातनं एक सँडल काढला. प्लॅस्टिकचा, डाव्या पायाचा. "गर्दीत कुणा पोरीचा ऱ्हायला. पट्टा तुटलेला, शिवलाय. लंगडत गेली आसंल बिचारी. नेऊन दे."
मग गुरुवारचं सांगितलं. तेलाचं बोट जोडावर फिरवत तिनं विचारलं,
"तिथं मला आत बसीवणार का दारात?"
बघतो म्हणालो. माझ्याबी तोंडात प्राचार्यांचं तेच आलं.
सँडल पिशवीत हाय. कॉलेजच्या गेटवर उभा राहून आलो, पोरींच्या पायांकडं बघत. वॉचमननं हाकललं.