सिस्टर, प्रश्न मुलीला विचारलाय

आई, जळगावच्या त्या सरांकडे तू माझ्याबरोबर यायला नको होतंस. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं, पण तुला ते ऐकू गेलं नाही, कारण तू बोलत होतीस. "हिला कायदा का शिकायचाय?" असं सरांनी पहिल्याच रविवारी माझ्याकडे बघून विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "तिला बोलता येतं ना, म्हणून." सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग येऊ द्या की तिचं बोलणं कानावर." तुला राग आला. मला हसू आलं, आणि ते तुला दिसलं. धुळ्याला परतताना बसमध्ये पारोळ्यापर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. पारोळ्यानंतर मात्र मी बोलायला कशी कमी पडते, यावर थेट घर येईपर्यंत बोललीस.

सर कायद्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले. दाराशी पाटी होती, 'विधी प्रवेश मार्गदर्शन'. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायदा तेव्हा आपल्याकडे कुणाला फारसा ठाऊक नव्हता. वकील व्हायचं तर आधी बी.ए. करा, मग बघू, अशी रीत. पण तुझ्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंच्या भाचीला सरांनी दक्षिणेतल्या नव्या कॉलेजात धाडलं होतं आणि तेव्हापासून तुझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना. त्या कॉलेजच्या अर्जासोबत एक पान इंग्रजीत लिहून मागितलं होतं: कायदाच का शिकायचा आहे? एक पान. त्या एका पानाने आपल्या घरातला तो सगळा हिवाळा खाल्ला. तू कळण्याच्या भाकरी थापते आहेस, हात पिठाचे, आणि तव्यावरची भाकरी उलटता उलटता मला विचारते आहेस, "हं, सांग, का शिकायचाय?" मी काहीतरी सांगते. "असं नाही," तू म्हणतेस, "जरा जोरात." जणू अर्ज वाचणाऱ्यांना ऐकायला कमी येत होतं.

मी पहिल्यांदा स्त्रियांच्या उद्धारावर लिहिलं. सरांनी वाचलं आणि कागद उलटा ठेवला. "गॅदरिंगला म्हणून दाखव हे." मग तू तुझी पिशवी उघडलीस आणि माझी वक्तृत्वाची, निबंधाची, शिवणकामाची सगळी प्रशस्तिपत्रकं टेबलावर मांडलीस. "शिवणकाम कायद्याला काय करायचंय, सिस्टर?" "टाका हो सगळं. बठ्ठं टाका." चिडलीस की तुझी भाषा आजोळच्या गावाला जाऊन पोहोचायची. सरही तसलेच. चहा समोर गार होईपर्यंत ते तुझ्याशी वाद घालायचे आणि मग गार चहाबद्दलही तुलाच बोलायचे. मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर. अर्ज माझा, आयुष्य माझं, आणि मला बोलायची पाळी येईना. दर खेपेला त्यांचं तेच वाक्य, "सिस्टर, प्रश्न मुलीला विचारलाय." आणि दर खेपेला तू मान डोलवायचीस आणि उत्तर द्यायचीस.

एका रविवारी त्यांचा धीर संपला. पेन खाली ठेवून ते म्हणाले, "बरं, आज तुम्हालाच विचारतो. हा कायदा नक्की कुणाला हवाय? तिला की तुम्हाला?" मला वाटलं, आता भांडण होणार. पण तू पदराने उगाच टेबलाचा कोपरा पुसलास आणि सांगायला लागलीस.

वॉर्डात जळून आलेली एक सून. रॉकेलचा वास, केळीच्या पानावर निजवलेली, आणि तुझी रात्रपाळी संपत आलेली. मॅजिस्ट्रेट जबानी घ्यायला यायच्या आधी ती तुला म्हणाली होती, की सासूने आणि नवऱ्याने पेटवलं. मॅजिस्ट्रेट पोहोचले तेव्हा ती बोलायच्या पलीकडे गेली होती. म्हणजे जे काही होतं ते तुझ्या कानांत होतं. तू साक्षीला उभी राहिलीस. आरोपींच्या वकिलाने इंजेक्शनबद्दल विचारलं, वेळेबद्दल विचारलं, तू नीट सांगत होतीस. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही स्वतः नवऱ्यापासून वेगळ्या राहता ना, सिस्टर? म्हणजे नवऱ्या लोकांबद्दल तुमचा राग जुनाच म्हणायचा." मागे कुणीतरी हसलं. त्यानंतर त्याने पुन्हा वेळ विचारली आणि तुला वेळ सांगता आली नाही. पहाटे म्हणालीस, मग सकाळी म्हणालीस. ते लोक सुटले. "सरकारी वकील नुसते बसून होते," तू सरांना म्हणालीस. "कोणी उठून म्हणालं नाही, की असं विचारता येत नाही. तेव्हाच ठरवलं. माझ्या पोरीला उठता आलं पाहिजे."

आई, मला किती राग आला होता, तुला कल्पना नाही. त्या वकिलाचा आला, पण तो नंतर. आधी तुझा आला. सुरतला कामाला आहेत, सुट्टी मिळत नाही, असं तू मला वडिलांबद्दल सांगत आलीस आणि मीही ते मानत असल्यासारखी वागत आले. एका घरात राहून आपण दोघी एकमेकींना जपत होतो म्हणे. आणि हे सगळं तू गार चहा पिणाऱ्या एका परक्या माणसासमोर टेबल पुसत सांगून टाकलंस, मी शेजारी बसलेली असताना, मी तिथे नाहीच अशा सुरात.

सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे लिही." मी पेन उचलणार, तेवढ्यात तू उभी राहिलीस. "नाही लिहायचं." "अहो, पण हेच तर कारण आहे." "कारण आहे म्हणून सांगितलं. लिहायला नाही सांगितलं." सरांनी हात जोडले. खरोखर जोडले.

परतताना एरंडोलच्या स्टँडवर बस बंद पडली आणि आपण बाकावर बसलो. मी तिथे तुझ्यावर ओरडले, लोक बघत होते तरी. म्हटलं, तुझं नाव घालत नाही, दवाखान्याचं घालत नाही, मग तुला अडचण काय? तुझी नोकरी जाणार आहे का? तू म्हणालीस, "माझं काय घेऊन बसलीस? ती पोरगी मेली. तिले न्याय भेटना नही, आनी तू तिना नाववर सीट लेशी?" याचं उत्तर मी अजून शोधते आहे, आणि मला उत्तरं सुचण्याचे पैसे मिळतात. कारण सांगायचं नाही, खोटं बोलायचं नाही, आणि पान तर भरायचं. तू सगळे रस्ते बंद करून मला चालायला सांगत होतीस, आणि वर तुझं म्हणणं बरोबर होतं. तोच खरा वैताग.

शेवटी मी दवाखान्याच्या क्वार्टर्समधल्या बायांबद्दल लिहिलं. कोर्टाचा नाही तर पोलिसांचा कागद हातात घेऊन त्या आपल्या स्वयंपाकघरात यायच्या, तुला वाचायला लावायच्या. तू वाचायचीस, आणि त्यातलं तुला काही कळायचं नाही. मग तू मला द्यायचीस आणि मलाही कळायचं नाही. आपण तिघी त्या कागदाकडे बघत बसायचो. मला तो वाचता यायला हवा, एवढंच मी लिहिलं. सरांनी त्यातलं अर्धं काढून टाकलं आणि पहिल्यांदा काही टोमणा न मारता टाइप करायला घेतलं. तू वाचून म्हणालीस, "यात बक्षिसं कुठेत?"

दक्षिणेतल्या कॉलेजने घेतलं नाही. त्याच पानावर पुण्याच्या कॉलेजने घेतलं. तू एस.टी.डी. बूथमधून सरांना फोन लावलास, बक्षिसं न टाकल्यामुळेच झालं असं त्यांना ऐकवलंस, आणि ते पलीकडून इतके मोठ्याने बोलत होते की काचेच्या बाहेर उभ्या असलेल्या मला ऐकू येत होतं. मग तू त्यांना पुण्याचं सांगितलंस आणि दोघेही एकदम थांबलात. तू रिसीव्हर हातात धरून रडत होतीस आणि बूथवाला बिचारा मीटरकडे बघत होता.

सनद मिळाली तेव्हा सर गेलेले होते. तू होतीस, पण धुळ्याच्या कोर्टात पाऊल टाकायला तयार नव्हतीस. माझी पहिली उलटतपासणी व्हायची होती त्या दिवशीही नाही. किती विनवलं तुला. "मी नाही येणार त्या खोलीत," एवढंच. आणि तरी दुपारी बघते तर तू फाटकाबाहेर कडुनिंबाखाली डबा घेऊन उभी, दवाखान्यातून तशीच आलेली, पांढऱ्या साडीत. मी डबा घेतला. कसं झालं, जिंकलीस का, असलं काही तू विचारलं नाहीस. विचारलंस, "कोणाला रडवलं नाहीस ना?"

मी म्हटलं, नाही. खरंच होतं ते, साक्षीदार आलाच नव्हता, तारीख पडली होती. तू समाधानाने रिक्षात बसलीस. त्यानंतरचा उन्हाळा तू पाहिला नाहीस, त्यामुळे तो प्रश्न तुला पुन्हा विचारता आला नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. आता माझ्या उलटतपासणीत लोक रडतात, आई. सगळे नाही, काही. तसं विचारता येत नाही, असं कोणी उठून म्हणत नाही तोवर विचारता येतं, हे मी या इतक्या वर्षांत शिकले. ज्या दिवशी कोणी रडतं, त्या दिवशी मी पुढच्या, कडुनिंबाच्या फाटकाने बाहेर पडत नाही. मागच्या बाजूला गाडी लावलेली असते, तिकडून जाते.