आजी-आजोबांच्या लाइनची चाचणी

बुधवार, ९ तारीख

प्रिय आत्या,

नमस्कार खाली करते. तू आधी हकीकत मागितली आहेस, म्हणून आधी हकीकत.

१. काल, मंगळवारी, सकाळी १०.०५ ला बाबांनी आजी-आजोबांच्या घरी दर मंगळवारचा फोन केला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

२. ११.२० पर्यंत बाबांनी एकवीस वेळा फोन केला. दोघांच्या मोबाइलवरही केला. ते बंद होते.

३. ११.४० ला बाबा कुलूपवाल्याला घेऊन दारात पोहोचले. दार आतून बंद. बेलच्या बटणाच्या जागी भिंतीतून दोन तारा बाहेर आलेल्या.

४. ११.५२ ला कुलूप फोडलं.

५. आजी खालच्या खोलीत फोनवर बोलत होती. तिने बाबांना हाताने थांबायची खूण केली. बाबा थांबले.

६. आजोबा वरच्या खोलीत फोनवर बोलत होते.

७. ते एकमेकांशी बोलत होते.

८. घरात तिसरं कुणी नव्हतं. इजा कुणाला नाही. कुलूप कामातून गेलं.

आता नमस्कार. आतोबांनाही सांग. तुझी तब्येत उत्तम असणार हे मी काल संध्याकाळच्या फोनवरून धरून चालले आहे (बाबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी मला स्वयंपाकघरात शब्द न् शब्द कळत होता). तू म्हणालीस, "तुझा बाप निम्मं सांगतो आणि निम्म्यावर रडतो. तू लिहून पाठव, मोजपट्टी." म्हणून लिहिते. माझं काम तुला माहीत आहे. तराजू, तापमापक, दाबमापक खरं बोलतात की नाही, एवढंच मी प्रयोगशाळेत तपासते. त्यांनी काय बोलावं याबद्दल मला मत नसतं. या पत्रातही नाही.

गेल्या महिन्यातल्या घरच्या बैठकीला मी दारातल्या स्टुलावर बसले होते, त्यामुळे मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. ठरलं ते असं: चौदा पायऱ्यांचं घर या दोघांना आता झेपत नाही, आजीचा गुडघा आणि आजोबांची चक्कर हे दोन्ही एका जिन्यावर नको, तुमच्याकडे एकच माणूस मावेल एवढी खोली आहे आणि बाबांकडेही तेवढीच. म्हणून १९ तारखेपासून आजी तुमच्याकडे आणि आजोबा बाबांकडे. मधलं अंतर गाडीने सहा तास (हे कुणी बोललं नाही, मी नकाशात पाहिलं). एकूण पंचवीस मिनिटं लागली, त्यातली अकरा जुन्या शेगडीचं काय करायचं यावर गेली. आजोबा म्हणाले, "सोयीचं आहे." आजी म्हणाली, "पोरांनी विचार करूनच ठरवलं असेल." त्यावर तू आणि बाबांनी एकाच वेळी सुटकेचा श्वास सोडला. आरोप करत नाही. फक्त ऐकू आला, एवढंच नोंदवते.

आम्हाला कुणाला माहीत नव्हतं ते हे, की या दोघांनी रविवारपासून सराव सुरू केला होता. काल दुपारी मी अर्धी रजा टाकून तिथे गेले तेव्हा आजीने हे इतक्या सहज सांगितलं, की न समजणारी मीच वेडी ठरले. ती ऑपरेटर असताना नवी लाइन गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आठ दिवस चालवून बघत. आवाज नीट येतो का, मध्येच तुटते का, खरखर होते का. आता तिच्यात आणि आजोबांत सहा तासांची लाइन टाकायची ठरली आहे, तर ती आठ दिवस चालवून बघायला नको? आजोबांनी वरची खोली घेतली, आजीने खालची. एकमेकांचं तोंड बघायचं नाही. जे बोलायचं ते तारेवरून.

एक्स्चेंज तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मी ते फक्त ऐकलं आहे, आणि काल परत ऐकलं, चहाच्या तीन फेऱ्या होईपर्यंत. ती लांब खोली, भिंतीला लागून दोऱ्या आणि भोकांचा बोर्ड, उंच स्टुलं, कानावरच्या पट्टीने सगळ्या बायकांच्या केसांना एकाच जागी पडलेली ती खाच (आजीच्या केसांत ती अजून दिसते असं आजोबांचं म्हणणं आहे, मी पाहिलं, दिसत नाही). शाळा सुटल्यावर तू तिथे बाकावर बसून पाढे म्हणायचीस, आणि एकदा आजीचं बटण चुकून उघडं राहिलं तेव्हा तुझा तेराचा पाढा एका व्यापाऱ्याच्या कानात गेला आणि त्याने तेरा आठे सुधारून दिलं, हे खरं आहे का? आजोबा म्हणतात खरं आहे. आजी म्हणते, तो व्यापारी नव्हता, डॉक्टर होता. आजोबा तेव्हा लाइनमन. एक्स्चेंजच्या खिडकीसमोरचा खांब क्रमांक सदतीस. त्याच्यावर चढून, तपासणीचा फोन तारेला लावून, ते विचारायचे, "खांब सदतीस. लाइन कशी आहे?" आणि आतून आजी म्हणायची, "स्वच्छ." लग्नाच्या आधीच्या एका वर्षात तो खांब एकसष्ट वेळा तपासला गेला. त्याच्यात कधीच काही बिघाड नव्हता. वरिष्ठांनी आजोबांना दक्षतेबद्दल शाबासकीचं पत्र दिलं.

तर जोडणी. आजोबांनी घरातला फोन भिंतीवरून काढला (म्हणून बाबांना नुसती घंटा ऐकू येत राहिली), माळ्यावरचा जुना काळा फोन काढला, मध्ये एक बॅटरी घातली आणि जिन्याच्या कठड्यावरून वायर नेली. बोलावण्यासाठी घंटा हवी, म्हणून दारावरची बेल काढून एक तुकडा वर आणि एक खाली बसवला. काम चांगलं आहे. जोड मी तपासले, एकही सैल नाही. वय वर्षं एक्याऐंशी. मोबाइल दोघांनी स्वतःहून बंद ठेवले होते. आजीचा रुमालात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात होता, कारण "तो चालू ठेवला की संपतो". जेवण जिन्याच्या मोकळ्या जागेतून टोपलीला दोरी बांधून वर जायचं. एकच अडचण होती. न्हाणीघर खाली आहे आणि आजोबांना दिवसातून सात वेळा जावं लागतं. त्याचाही नियम केला होता: आजोबा तीनदा खोकणार आणि ते परत वर पोहोचेपर्यंत आजी भिंतीकडे तोंड करून बसणार. त्यामुळे चौदा पायऱ्या टाळण्यासाठी जे सगळं ठरलं, त्याच्या सरावात आजोबा त्या पायऱ्या दिवसातून चौदा वेळा चढले-उतरले. हे मी त्यांना दाखवून दिलं. ते म्हणाले, "चाचणीत थोडं होतंच."

आजीने नोंदवही ठेवली होती, एक्स्चेंजच्या पद्धतीने. काही नोंदी उतरवून देते.

रवि. ७.४०. वरून. चष्मा सापडत नाही. कपाळावर बघा म्हटलं. सापडला. ७.४१ समाप्त.

रवि. ८.१५. वरून. आधी पांढरी गोळी की गुलाबी? पाकिटावरचं बारीक दिसत नाही. पाकीट टोपलीतून खाली मागवलं, वाचलं, वर पाठवलं. ८.३२ समाप्त.

रवि. ११.००. खालून. डोळ्यांत थेंब घालायची वेळ. तारेवरून घालता येत नाहीत. राहू दे. ११.०१ समाप्त.

रवि. ४.००. वरून. लाइन कशी आहे? स्वच्छ.

रवि. ४.१०. वरून. तेच.

सोम. २.१०. वरून. भांडण. कारण लिहिण्यासारखं नाही. २.१४ ते २.५५ कुणी बोललं नाही. कुणी फोन ठेवलाही नाही.

मंगळवारचा फोन ९.२० ला सुरू झाला आणि बाबांनी कुलूप फोडल्यावरही चालू होता. विषय: सामानाची वाटणी. घरात एक रेडिओ आहे, एक भिंग, एक गजराचं घड्याळ, एक नेलकटर आणि फोटोंचा एक अल्बम. रेडिओला चाळीस मिनिटं लागली, कारण दोघंही तो दुसऱ्याला देत होते. अल्बमचे फोटो सोडवायला घेतले, तर बहुतेक फोटोंत दोघं आहेत. नेलकटर आजोबांच्या नावावर चढला, आणि मग आजीने विचारलं, "अहो, पण माझ्या पायाची नखं?" (तिला वाकता येत नाही, आठवड्याला आजोबाच कापतात. मला माहीत नव्हतं. तुला होतं?) आजोबा म्हणाले, "थोरलीला सांग." आजी म्हणाली, "नको बाई. लहानपणी मी तिची कापायला घेतली की ती आख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची." एवढ्यात दार वाजायला लागलं. वहीत नोंद आहे: "११.४१. दारावर कुणीतरी. या गुडघ्याने मी उठेपर्यंत जाईलच. बोलणं चालू ठेवलं."

बाबा आत आल्यावर चार मिनिटं तुटकं कुलूप हातात धरून उभे होते, कारण चालू फोन मध्येच तोडायचा नाही, हे त्यांना आजीने लहानपणी शिकवलेलं अजून पक्कं आहे. फोन संपल्यावर ते ओरडले. मग तिसऱ्या पायरीवर बसले. पुढचं तुला माहीत आहे, ते निम्म्यावर रडतात. कुलूपवाला बिचारा अवघडून उभा होता. आजीने त्याला बसवलं, चहा दिला. त्याने विचारलं, जरा बोलून बघू का? खालून वर आजोबांशी बोलला. म्हणाला, "आमच्या मोबाइलपेक्षा आवाज चांगला आहे, काका." आजोबा दिवसभर त्यावर खूश होते.

माझ्या कामातलं एक सांगते. कधीकधी दोन जुनी उपकरणं येतात, एक ठरावीक जास्त दाखवतं, दुसरं ठरावीक कमी. वेगवेगळी घेतली तर दोन्ही नापास. पण काही ठिकाणी ती वर्षानुवर्षं जोडीने वापरलेली असतात, दोघांच्या आकड्यांचा मध्य काढून, आणि तो मध्य बरोबर येतो. अशा वेळी आम्ही ती एकमेकांपासून सोडवत नाही. शेरा लिहितो: जोडीनेच वापरावीत. आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही, आजीला दिसतं. आजीला वाकता येत नाही, आजोबांना येतं. चष्मा कपाळावर आहे हे आजोबांना कळत नाही, आजीला न बघता कळतं.

चाचणी तिसऱ्या दिवशी थांबली. वहीत शेवटच्या ओळीत निकाल लिहिला आहे: "लाइन उत्तम. जमणार नाही." यातलं 'जमणार नाही' खोडून वर 'जमेल' असं लिहिलं आहे. खोडलेलं स्वच्छ वाचता येतं, आजीचा हात हलका आहे. वही मिटून माझ्या हातात देताना ती म्हणाली, "थोरलीला हे सांगू नकोस. तिने तिकडे पडदेसुद्धा शिवून घेतलेत माझ्यासाठी." सांगू नकोस म्हणाली. लिहू नकोस म्हणाली नाही.

दुसरं काही विशेष नाही. दाराला नवीन कुलूप बसवलं, बेल जागेवर लावली. आतोबांना नमस्कार.

तुझी भाची,
मोजपट्टी

ता. क. वर "आम्हाला कुणाला माहीत नव्हतं" असं लिहिलं आहे. ते बिनचूक नाही. वायर मी आणून दिली होती. गेल्या शुक्रवारी आजोबांनी बारा मीटर दुहेरी वायर मागितली. कशाला, ते मी विचारलं नाही. बारा मीटर म्हणजे खालच्या टेबलापासून वरच्या खिडकीपर्यंत, हे मला ऐकताक्षणी कळलं होतं.

आणखी ता. क. मला मत नसतं, हेही दुरुस्त करून घे. खालच्या बैठकीच्या खोलीत दोघांचा पलंग मावतो. मोजली, भिंतीपासून हातभर जागा उरते. म्हणजे त्यांना जिना चढायचं कारणच राहत नाही. वरच्या खोलीत मी राहायला येते. तिथून माझी प्रयोगशाळा पंचवीस मिनिटांवर आहे, आताच्या भाड्याच्या खोलीपासून वीस. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. भाड्याच्या खोलीत माझा फोन वाजतो तो फक्त कामासाठी. आजी-आजोबांशी मी अजून बोललेले नाही, कारण तू नाही म्हणालीस तर त्यांना पुन्हा एकदा "सोयीचं आहे" म्हणावं लागेल. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ताई म्हणेल तसं." शिवलेल्या पडद्यांबद्दल वाईट वाटतं. ते मी वरच्या खिडकीला लावीन, मापं कळव.

शेवटचं. वरच्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे, तुझं, लग्नाच्या आधीपासून बंद. आजी ते कुणाला उघडू देत नाही आणि मीही तुझ्या परवानगीशिवाय उघडणार नाही. माझे कपडे ठेवायला मला ते लागेल. आतलं जे असेल ते खोक्यात भरून, न वाचता, तुझ्याकडे पाठवीन. किल्ली तुझ्याकडेच आहे असं आजी म्हणते. सामान न्यायला गाडी शनिवारी, १९ तारखेला सकाळी येणार आहे, आणि ती नको असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत कळवावं लागतं. म्हणून हो किंवा नाही, जे असेल ते, आणि हो असेल तर किल्ली, मला गुरुवारी १७ तारखेपर्यंत मिळावी.