दोन तारा

नोवी साद,
६ जून १९७४

ती. देसाताईस,
सा. न. वि. वि.

चेरीचा मुरांबा पोचला, पण घशाखाली उतरत नाही.

माझ्या खोलीतल्या विदाला तू ओळखतेसच. दोन वर्षं आम्ही रसायनाचा अभ्यास वाटून करतो. व्याख्यानं ती उतरवते, गणितं मी सोडवते. यंदा प्रागला शिकायला जायची जागा मात्र एकच, आणि चुरस आम्हा दोघींतच.

आई आजारी म्हणून विदा डोंगरातल्या तिच्या गावी गेलीये. सोमवारी सरांनी त्या जागेची तोंडी परीक्षा वीस तारखेची चौदावर आणली. विदाला कळवायला हवं, असं वर्गात निघालं. मीच पुढे होऊन म्हटलं, तार मी करते.

आज गुरुवार. तीनदा पोस्टाच्या पायऱ्यांवरून परत फिरले. तिथे वाटतं, उद्या केली तरी चालेल. खोलीत आले की एका जागी बसवत नाही. ताई, मी वाईट आहे का गं?

माया आटू देऊ नकोस.
तुझी रुझा

सोंबोर,
८ जून

चि. रुझास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं नि चुलीवरचं तसंच टाकून उठले. नव्या वर्षाला विदाचं कार्ड आलं होतं, त्यावर तिच्या गावचा पत्ता होता. तुझ्या नावाने तार केली.

वाईट असतीस तर मला लिहिलं नसतंस. पण बाई, मला लिहून भागत नाही. तुझ्या भाओजींना काही बोलले नाही. जेवत जा.

तुझ्यावर होता तेवढाच जीव असलेली,
ताई

नोवी साद,
१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी पोस्ट उघडताच मी तार केली होती. त्यामुळे विदाच्या हाती दोन पडल्या. आल्या आल्या ती सगळ्यांना दाखवत सुटली, की आमच्या रुझाला मेलीला धीर म्हणून नाही, एक पुरली नसती का. सगळे हसले. मला ते सोसेना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला खरं सांगितलं. तिने पिशवीतून वही काढली. मग म्हणाली, आईच्या उशाशी बसून व्याख्यानं साफ लिहून काढली, ती तुझ्यासाठीच. आणि वही माझ्यापुढे सरकवली.

आज निकाल लागला. विदा पहिली, मी दुसरी. प्रागला ती जाईल. त्याचं म्हणशील तर तितकं लागलं नाही.

एक दिवस माझी वाट पाहायची होतीस, असं वर लिहून खोडलं. तुझ्या जागी मीही पाहिली नसती.

दोन वर्षं विदा ‘आपली वही’ म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, माझी वही घे.

रविवारी येते. दार उघडं ठेव.
तुझी रुझा