नकाशाच्या खिळ्याला बांधलेली दोरी

७ जुलै, सोमवार
श्रावणी दुसऱ्या तासाला पाय बाकाखाली दडवून बसली होती. सहावी ब, माझाच वर्ग. बूट काढ म्हटलं तर काढेना. शेवटी मावशींना बोलावलं. शाळेच्या शिपाई, पण पोरं आमच्यापेक्षा त्यांचं ऐकतात. बुटात पाणीच. मोजा सोलून काढावा लागला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडं पांढरं पडलेलं, मध्ये लालभडक. मावशी : "अगं पोरी, बोलायचं न्हाईस व्हय! पाय कुजला की गं!" ती म्हणे, "बूट न्हाय घातलं तर गेटवरनं परत पाठवत्यात."
पाठवतात. दिल्लीच्या हेड ऑफिसचं परिपत्रक : काळे चामडी बूट, पांढरे मोजे, देशभरातल्या सगळ्या शाखांना, बारा महिने. ह्याच हे. ऑ.नं जानेवारीत 'दाट धुक्यामुळे' शाळा तासभर उशिरा भरवली होती. इथं कोल्हापुरात, कसबा बावड्यात लख्ख ऊन, आणि पोरं ब्लेझरमध्ये घामाघूम. तेव्हा हसलो होतो सगळे. आज हसू येत नाही.

८ जुलै
अठ्ठावीस हजर. अठ्ठावीस ओल्या जोड्या.
ठरवून टाकलं. आमचा वर्ग भूगोलाच्या खोलीत भरतो, तिथं भारताचा मोठा नकाशा टांगलाय, त्याच्या खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधली. मोजे पिळून दोरीवर, बुटांत रद्दी कोंबली, पंखे पाचावर. पोरं अनवाणी, सतरंजीवर. श्रावणीच्या पायाला हळद-खोबरेल.
मावशी : "मोठ्या मॅडमनी बघितलं म्हंजे वो?"
बघू देत.

९ जुलै
धडा 'भारताचे हवामान'. पुस्तकात सहा रंगांचा नकाशा आणि पाठ करायची व्याख्या. पुस्तक मिटायला लावलं. विचारलं, दोरीवरचा हा मोजा जैसलमेरला नेला तर कधी वाळेल?
"मधल्या सुट्टीच्या आत!"
चेन्नईला? रुद्र उठला, कधी न उठणारा. "आत्ताच वाळवून घ्यायचा मॅडम. तिकडं पाऊस दिवाळीच्या टायमाला आस्तोय." मामा तिकडे नोकरीला आहे त्याचा. लेहवरून तर भांडणच. एक म्हणतोय, "थंडी हाय, वाळायचा न्हाय." दुसरी म्हणतेय, "हवा कोरडी हाय की! वाळतोय!" दहा मिनिटं भांडू दिलं. चेरापुंजी म्हटल्यावर सगळी दोरीकडे बघून खिदळली.
मग श्रावणी : "मॅडम, शिरोळला आज्जीच्यात एका दिवसात वाळत्यात."
"आणि गगनबावड्याला?" कुणीतरी विचारलं. माझं माहेर ते. म्हटलं, तिथं जुलैत मोजे घालणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. शिरोळ आणि गगनबावडा, जिल्हा एकच, आणि हे. ऑ.ला अख्ख्या देशाला एकच बूट पाहिजे.
इतक्या वर्षांत असा तास झाला नव्हता. घंटा झाली तरी पोरं उठेनात.

१० जुलै
पाऊस. कालचे मोजे अजून ओले.

११ जुलै, शुक्रवार
रुद्रची आई शाळा सुटताना आली होती, तिनं दोरीचा फोटो काढला. कौतुकानंच. पालकांच्या ग्रुपवर टाकला, खाली 'आमच्या मॅडम लई भारी'. बिचारीला काय माहीत, त्या ग्रुपवर हे. ऑ.चाही नंबर आहे.
मुख्याध्यापिका पाटील मॅडमनी बोलावलं. "अहो, देशाच्या नकाशावर मोजे?"
नकाशावर नाहीत, शेजारी आहेत.
"मला नका सांगू, त्यांना सांगा." बाई वाईट नाहीत. घाबरतात. त्यांच्या जागी मी असते तर घाबरले नसते असं लिहिणार होते, पण कुणास ठाऊक.

१४ जुलै, सोमवार
मेमो. गणवेशाचा भंग, वर्गाची अप्रतिष्ठा, आणि 'राष्ट्रीय नकाशाचा अवमान'. हे शेवटचं वाचून चहा सांडला. माझा करार ३१ जुलैला संपतो. पुढच्या वर्षाचं पत्र द्यायचं की नाही, ते माझ्या खुलाशावर.
घरी ह्यांना दाखवला. "तुला घरी बसायची घाई झालीया काय गं?"
मग काय पोरांचे पाय कुजू देऊ?
"मी तसं म्हणलो व्हय?"
जेवण झाल्यावर बघते तर ह्यांनी माळ्यावरची सगळी रद्दी काढून पिशवीत भरून दाराशी ठेवलेली.

१५ जुलै
व्हिडिओ कॉल. दिल्लीचे साहेब, माझ्या मुलाच्या वयाचे, नम्र. "मॅडम, बारिश तो हमारे यहाँ भी होती है।"
म्हटलं, होती है, फिर धूप भी निकलती है. हमारे यहाँ पंधरा दिन से नहीं निकली.
"तो दो जोड़ी जूते रख लीजिए।"
दुसरी जोडी पण ओलीच राहते हो! हे हिंदीत सांगताना माझी जीभ अडली आणि ते हसले. वाईट हेतूनं नाही. पण मला झोंबलं. फोन फिरवून खिडकीबाहेरचा पाऊस दाखवला तर म्हणाले, "वाह, कितना सुंदर!"
पाटील मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या.

१६ जुलै
नदीवरचा बंधारा पाण्याखाली, पलीकडची पोरं अडकली. एकोणीस हजर. श्रावणी आली.

१७ जुलै, गुरुवार
माफीनाम्याचा मसुदा आला. टाईप केलेलाच, फक्त सही करायची. 'माझ्या कृतीबद्दल मला खेद आहे. दोरी तत्काळ काढण्यात आली आहे. यापुढे सर्व विद्यार्थी पूर्ण गणवेशात बसतील.' उद्या दुपारपर्यंत.
भीती वाटते. लिहून ठेवते, वाटते. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरी शाळा कोण देतंय?
आईची आठवण आली. चुलीवर बांबूच्या कामट्या टांगून त्यावर आमचे कपडे वाळवायची, सगळा पावसाळाभर. शाळेत आम्हा सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास यायचा. कोल्हापूरहून नवीन आलेल्या गुरुजींनी एकदा नाक दाबलं. आई दुसऱ्या दिवशी शाळेत. "गुरुजी, तुमच्या गावचं ऊन घिऊन या की येताना, मग वास न्हाय यायचा." गुरुजी पुढं आमच्याच चुलीवर सदरा वाळवायला द्यायचे.
सही केली नाही अजून.

१८ जुलै, शुक्रवार
सकाळी श्रावणीचा पाय बघितला. बेचक्या कोरड्या. नवीन कातडं येतंय, गुलाबी. "खाजतंय मॅडम." खाजू दे, बरं होतंय.
दुपारी पाटील मॅडमच्या खोलीत गेले. मसुदा परत दिला, सही न करता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला माझा खुलासा, हातानं :
'दोरी काढायला माझी हरकत नाही. मात्र मोजे अजून ओले आहेत. वाळले की काढीन.'
पाटील मॅडमनी दोनदा वाचलं. "असंच पाठवू?"
असंच.
"हे वाचून ते काय करतील माहीत आहे ना?"
माहीत आहे.
त्यांनी कागद स्कॅनरवर ठेवला, बटण दाबलं. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "हवामान खात्यानं पुढचे पाच दिवस पण पाऊसच सांगितलाय."
म्हटलं, मग पाच दिवस तरी दोरी राहील.
वर्गात आले. रुद्रनं दोरी सैल झाली म्हणून पुन्हा ताणून बांधली होती. एकवीस जोड्या मोजल्या, बुटांतली रद्दी बदलली, पंखे सुरू ठेवून दार ओढून घेतलं.